घाटावरची वस्तू, देशभरचे गिऱ्हाईक

(श्रीगणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



समितीने मला विषय दिला, "ऑनलाइन विक्री करणाऱ्या लहान व्यावसायिकांना चार सूचना." मी पदविकाधारक अभियंता. माझा संबंध रुळांशी, नट-बोल्टांशी आणि वेळापत्रकाशी. व्यापार हा माझा धंदा नव्हे. पण आपल्या परिसरात आज किती घरांतून मोबाइलवर विक्री चालते हे मोजायला बसले तर दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. कुणी बनारसी शालू पाठवते, कुणी लाकडी भातुकली, कुणी मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला, कुणी दिवाळीचा फराळ. यातल्या बऱ्याच जणींनी आणि जणांनी आपापले हिशेब, परत आलेली पार्सले आणि कागदपत्रे माझ्यापुढे ठेवली, कारण आकडेमोड करणारा माणूस शेजारी राहतो एवढेच. ते पाहून जे लक्षात आले ते आज मांडतो.

पत म्हणजेच ब्रँड

"ब्रँड" हा शब्द नवा असला तरी त्यामागची गोष्ट आपल्या घाटाला नवी नाही. हा घाट अठराव्या शतकात नारायण दीक्षितांनी बांधून काढला. पलीकडे भोसले घाट, शिंदे घाट. विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभे केले. तेव्हापासून महाराष्ट्रातला यात्रेकरू काशीला आला की आपल्याच लोकांच्या वाड्यात उतरे. गंगापूजन झाले, श्राद्ध झाले, की निघण्याच्या आदल्या दिवशी तो हमखास दोन प्रश्न विचारी, "गुरुजी, गंगेची सीलबंद लोटी कुठे मिळेल? आणि मुलीच्या लग्नासाठी चांगला शालू कुठे घ्यावा?" त्याला कुंजगलीतले दुकान ठाऊक नसे, रेशीम पारखता येत नसे. तो उपाध्यायाच्या शब्दावर पैसे मोजत असे. तो शब्द खोटा ठरला असता तर पुढच्या पिढीचा यात्रेकरू दुसऱ्याच्या दारी गेला असता. या पतीलाच आज ब्रँड म्हणतात.

दुसरी गोष्ट, तीर्थोपाध्यायांच्या वह्या. कोणत्या गावचे कोण, कधी आले, कोणाचे श्राद्ध केले, बरोबर कोण होते, हे पिढ्यान्पिढ्या लिहून ठेवलेले. नातू आला की आजोबांची सही दाखवायची. मोठमोठ्या कंपन्या ज्यासाठी संगणकांवर अमाप खर्च करतात, ती गिऱ्हाइकांची नोंद आपल्या वाड्यांत लाल कापडात बांधून ठेवलेली होती. या वहीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आधी दर्जा, मग नाव

नवीन विक्रेता पहिल्याच आठवड्यात नाव ठरवतो, चिन्ह काढून घेतो, कार्ड छापतो आणि मग विकायचे काय याचा विचार करतो. याउलट लिज्जत पापडाचे उदाहरण पाहा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पा पारेखांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. पापड एकाच उत्तम दर्जाचा असावा, स्वस्तासाठी हलका माल काढायचा नाही. आणि हिशेब चोख असावा. "लिज्जत" हे नाव १९६२ साली, म्हणजे तीन वर्षांनी ठरले. आधी चव बसली, मग नाव आले.

म्हणून पहिली सूचना, पहिली सहा महिने एक किंवा दोनच वस्तू विका. ज्या घरातून शालू, रुद्राक्ष, लोणचे, पितळी समई आणि मुलांचे कपडे असे सगळेच विकले जाते, त्या घराचे नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही. काशीत वस्तूंना तोटा नाही. मदनपुरा-पीलीकोठीचे विणकाम आहे, कश्मीरीगंज-खोजवाची लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी आहेत, गायघाटाची गुलाबी मीनाकारी आहे, ठठेरी बाजारची भांडी आहेत. यातले आपल्याला जे खरोखर पारखता येते तेच निवडावे.

दुसरे, आपले गिऱ्हाईक निवडावे. "बनारसी साडी" म्हणून शोध घेतला तर हजारो दुकाने समोर येतात, तिथे आपला निभाव लागत नाही. पण "बनारसी शालू" म्हणून शोधणारी व्यक्ती बहुधा मराठीच असते. तिला लग्नात सप्तपदीला नेसायचा शालू हवा असतो, नऊवारी हवी असेल तर ती किती वाराची हे विचारायचे असते, आणि ते मराठीत विचारायचे असते. पुणे, नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे आणि परदेशातही ही मंडळी आहेत. लखनौच्या किंवा सुरतेच्या मोठ्या व्यापाऱ्याजवळ जे नाही ते आपल्याजवळ आहे, ती म्हणजे भाषा. वर्णन मराठीत लिहा, फोनवर मराठीत बोला. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही.

खरे ते खरे लिहा

आता थोडे कडक बोलतो. "बनारस ब्रोकेड व साडी" या वस्तूला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाराणसी, मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर आणि आझमगढ या सहा जिल्ह्यांबाहेर तयार झालेला माल त्या नावाने विकता येत नाही. तरीही यंत्रमागावर दुसरीकडे निघालेली साडी "शुद्ध बनारसी हातमाग" म्हणून सर्रास विकली जाते. एक साधी हातमागाची साडी विणायला पंधरवडा लागतो, कढुआ पद्धतीची भरगच्च साडी महिनोन्‌महिने मागावर असते. यंत्रमागावर हेच काम काही तासांचे. दोन्हींची किंमत एकच असू शकत नाही. स्वस्तातली नक्कल खऱ्याच्या नावाने विकली की विणकराची मजुरी पडते आणि तो माग मोडून रिक्षा किंवा सुरतेची गाडी धरतो. ज्या माणसाच्या हातावर आपले दुकान चालते त्याचाच हात आपण तोडतो.

यंत्रमागाची साडी विकणे हा गुन्हा नव्हे. पुष्कळ गिऱ्हाइकांना तीच परवडते. पण मग तसे स्पष्ट लिहावे. वर्णनात पाच गोष्टी असाव्यात: सूत कोणते (कातान रेशीम, मिश्र की कृत्रिम), माग कोणता, विणकाम कढुआ की फेकवा, जर कोणती, आणि लांबी किती मीटर, ब्लाउजपीस धरून की सोडून. कढुआमध्ये प्रत्येक बुट्टा स्वतंत्र विणलेला असतो, त्यामुळे मागल्या बाजूला लोंबते धागे नसतात. फेकव्यात धागा काठापासून काठापर्यंत जातो आणि मागचे जादा धागे कापतात. म्हणून साडीच्या मागच्या बाजूचा फोटो अवश्य द्यावा. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टाचण्यांची बारीक छिद्रे काठाला दिसतात, तेही दाखवावे. जाणते गिऱ्हाईक त्यावरूनच विश्वास ठेवते.

शासनाच्या खुणांचाही उपयोग करून घ्यावा. शुद्ध रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाने पुढे आणलेला सिल्क मार्क २००४ पासून आहे, हातमागासाठी हँडलूम मार्क २००६ पासून. भौगोलिक मानांकनात "अधिकृत वापरकर्ता" म्हणून कारागिराप्रमाणेच त्या हस्तकलेच्या मालाचा व्यापार करणाऱ्यालाही नोंद करता येते.

नावाला किंमत असते हे कोल्हापूरने जगाला दाखवले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले होते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात तशाच चपला मूळ गावाचे नाव न घेता मांडल्या. महाराष्ट्रातून आवाज उठला आणि कंपनीला मूळ कलेचे श्रेय मान्य करावे लागले. कागदावर नोंद होती म्हणून बोलायला आधार होता.

परत येणारे पार्सल

आता माझ्या आवडीचा भाग, आकडेमोड. कुणी विचारले की "धंदा कसा चाललाय?", तर उत्तर मिळते, "महिन्याला चाळीस पार्सले जातात." हे उत्तर अपुरे आहे. किती गेली यापेक्षा किती पोचली आणि किती परत आली हे महत्त्वाचे.

समजा, लाकडी भातुकलीचा संच आपण ९०० रुपयांना विकतो. हिशेब सोपा राहावा म्हणून कर बाजूला ठेवू. कारागिराला ४०० रुपये, खोके आणि कागद ४०, पाठवणी ९०, विक्रीस्थळाचा आकार १०० आणि जाहिरात ८०. एकूण खर्च ७१०. उरले १९०. बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो.

आता दहा संच पाठवले आणि त्यांतले दोन गिऱ्हाइकाने घेतलेच नाहीत. त्या प्रत्येकावर जायचे ९०, यायचे ९०, फाटलेले खोके ४० आणि जाहिरातीचे ८०, असे ३०० रुपये बुडाले. आठ विकले गेले त्यांचा नफा १५२०. त्यातून ६०० वजा, राहिले ९२०. म्हणजे दर पार्सलामागे १९० नव्हे, ९२ रुपये. परतलेल्यांपैकी एक संच फुटला तर आणखी ४०० गेले आणि राहिले ५२०.

आणि दहांतले चार परत आले तर? सहांचा नफा ११४०, चारांचा तोटा १२००. सहा संच विकूनही ६० रुपये पदरचे गेले. आणि हे सगळे आपल्या घरच्या बाईची रात्री अकरापर्यंतची मेहनत फुकट धरून. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात ते हेच.

माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सवय आपल्या देशात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात टपाल खात्याने व्ही.पी. सुरू केली, आपल्या आज्या-पणज्यांनी पुस्तके आणि औषधे व्ही.पी.नेच मागवली. २०१० मध्ये फ्लिपकार्टने तीच सोय पुन्हा आणली आणि ऑनलाइन बाजार वाढला. ही सोय बंद करा असे मी म्हणणार नाही, तिला लगाम घाला. पैसे आधी भरणाऱ्याला ३०-४० रुपयांची सूट द्या, तरी आपण फायद्यात राहतो. रोखीच्या प्रत्येक मागणीला पाठवण्याआधी फोन करा, पत्ता आणि पिनकोड वाचून दाखवा. फोन उचलला नाही तर माल पाठवू नका. महाग शालूसाठी निम्मी रक्कम आधी घ्या. ज्याला खरोखर घ्यायचे आहे तो देतो.

रेल्वेचा धडा

माझ्या सहकाऱ्यांना एक आठवण करून देतो. या देशात सामान्य माणसाला ऑनलाइन खरेदीची सवय लावण्यात आपल्या रेल्वेचा मोठा वाटा आहे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीची तिकीटविक्री सुरू झाली तेव्हा संगणकावर पैसे भरले की छापील तिकीट कुरिअरने घरी येई. घरी छापून घेता येणारे ई-तिकीट नंतर, २००५ मध्ये आले. लोकांना आधी हातात काहीतरी दिसावे लागते, मग विश्वास बसतो. लहान विक्रेत्यानेही तेच करावे. शालूसोबत धुण्या-वाळवण्याच्या सूचनांचा मराठी कागद, विणकामाची माहिती आणि आपला फोन नंबर छापून द्या. खर्च दोन रुपयांचा, परिणाम वर्षानुवर्षांचा.

आणखी एक सोय रेल्वेचीच. २०२२ पासून "एक स्टेशन एक उत्पादन" योजनेत स्थानकांवर स्थानिक कारागिरांना आणि बचत गटांना अल्प शुल्कात ठरावीक मुदतीसाठी जागा मिळते. लोक कोणती वस्तू हातात घेतात, किंमत ऐकून कुठे कचरतात, काय विचारतात, हे पंधरा दिवसांत प्रत्यक्ष कळते. मग मोबाइलवर वर्णन लिहिताना नेमके काय लिहायचे ते आपोआप सुचते.

रेल्वेत बिघाड झाला की तो दुरुस्त करून आम्ही मोकळे होत नाही. कारण शोधून नोंदवहीत लिहितो. तोच बिघाड तिसऱ्यांदा दिसला तर दोष भागात नसून पद्धतीत आहे असे समजतो. परत आलेल्या प्रत्येक पार्सलाची अशीच एक वही ठेवा. तारीख, वस्तू, गाव आणि कारण. "रंग वेगळा वाटला" असे तीनदा आले तर गिऱ्हाईक चंचल नाही, आपला फोटो चुकतोय. ट्यूबलाइटखाली काढलेला राणी रंग मोबाइलवर भलताच दिसतो. वाड्याच्या चौकात सकाळी नऊ-दहाला मऊ उजेड पडतो, तिथे पांढऱ्या चादरीवर फोटो काढा. "मोडून आले" असे तीनदा आले तर बांधणी बदला. बांधलेले खोके कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर तीन वेळा टाकून पाहा. आत खुळखुळले तर ते पुण्यापर्यंत टिकणार नाही.

गल्ली, गंगा आणि पोस्ट

आपल्या गल्ल्यांत चारचाकी येत नाही. कुरिअरचा मुलगा एका पार्सलासाठी पायऱ्या चढायला नाखूश असतो. त्यावर उपाय सोपा आहे. शेजारच्या पाच-सात घरांनी एक जागा आणि एक वेळ ठरवावी. वीस पार्सले एकत्र मिळणार असली की तोच मुलगा रोज वेळेवर येतो, आणि वीस पार्सलांचा एकत्र दरही घासाघीस करून घेता येतो.

विश्वेश्वरगंजचे मुख्य टपाल कार्यालय आपल्याला जवळ आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा जुन्या दरांवर किंमत बेतली असेल तर नवे दरपत्रक आणून किंमत तपासा. खेड्यापाड्यांत आणि कोकणातल्या वाडीवस्तीवर पोस्टाइतकी पोच अजून कुणाची नाही. परदेशी माल पाठवणाऱ्यांसाठी २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रेही सुरू झाली आहेत.

पावसाळ्याचा विचार आधी करा. वाराणसीला गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते, आणि ऑगस्ट २०२५ मध्येही धोक्याची पातळी ओलांडली गेली. रेशीम, खोकी आणि पीठ-मसाले तळघरात किंवा तळमजल्यावर ठेवू नका. श्रावण-भाद्रपदात पोचण्याची तारीख चार दिवस पुढची सांगा. उशीर होणार असे आधी सांगितले तर गिऱ्हाईक समजून घेते. गाडी उशिराने धावत असल्याची घोषणाच होत नाही तेव्हा प्रवासी खवळतो, हे आपण सर्व जाणतो.

कागदपत्रे

आता थोडी रूक्ष पण आवश्यक माहिती. तपशिलासाठी आपल्या करसल्लागाराला विचारावेच.

१) जीएसटी: १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या लहान विक्रेत्याला आपल्याच राज्यात विक्रीस्थळांवरून माल विकण्यासाठी पूर्ण नोंदणीची सक्ती नाही, फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पण आपले गिऱ्हाईक तर महाराष्ट्रात! दुसऱ्या राज्यात विक्रीस्थळांमार्फत विकायचे असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. विक्रीस्थळ आपल्या रकमेतून काही कर कापून भरते. जुलै २०२४ पासून जीएसटीची ही कपात अर्धा टक्का आहे, तर ऑक्टोबर २०२४ पासून आयकराची कपात एक दशांश टक्का झाली. ही रक्कम बुडालेली नसते, विवरणपत्र भरून ती जमेस धरता येते. अनेकजण ती सोडून देतात.

२) खाद्यपदार्थ: मेतकूट घरच्या जात्यावरचे असो की फराळ देवघराशेजारी केलेला असो, विकायचा म्हटला की अन्नसुरक्षा नोंदणी हवी आणि पाकिटावर तिचा १४ अंकी क्रमांक हवा.

३) पाकिटावरचा मजकूर: बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. हे २०११ च्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे.

४) व्यापारचिन्ह: नाव बसले की नोंदवा. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षांची असते. अर्ज करण्याआधी ते नाव कुणी घेतलेले नाही ना, हे सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येते. "काशी" किंवा "बनारसी" एवढेच नाव कुणा एकाचे होऊ शकत नाही, वेगळा शब्द शोधा.

५) तक्रारी: २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. आपण त्याच दिवशी उत्तर दिले तर नियम आठवायची वेळच येणार नाही. आणि कृपा करून मेहुण्या-भाच्यांकडून पाच-पाच ताऱ्यांचे खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नका. वाचणाऱ्याला ते लगेच कळतात.

६) हे खास माझ्या रेल्वेतील सहकाऱ्यांसाठी. आचरण नियम १९६६ मधील नियम १५ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय आपल्याला व्यापार करता येत नाही. पत्नी किंवा कुटुंबातील कुणी व्यवसाय करत असेल तर तसे कार्यालयाला लेखी कळवावे लागते, आणि त्यांच्या मालाची भलामण आपण करायची नाही. तेव्हा कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप समूहावर सौभाग्यवतींच्या चकल्यांचे फोटो टाकणे टाळावे. चकल्या उत्तम असतात, प्रश्न नियमाचा आहे.

आपली वही आपल्याजवळ

मोठ्या विक्रीस्थळावर गिऱ्हाईक त्यांचे असते, आपले नसते. उद्या त्यांनी आकार वाढवला किंवा आपले पान खाली ढकलले तर आपण काही करू शकत नाही. म्हणून सुरुवातीला तिथे जरूर विका, ओळख होते. पण ज्यांनी थेट आपल्याशी संपर्क साधला त्यांची वही ठेवा. नाव, गाव, काय घेतले, कोणत्या कार्यासाठी घेतले. आधी त्यांना विचारून, संमती घेऊन. ज्या घरी मुलीच्या लग्नाला शालू गेला, त्या घरी वर्षभराने डोहाळजेवण असते, पुढे बारसे असते, धाकट्या बहिणीचे लग्न असते. वर्षातून तीन-चार वेळाच संदेश पाठवा. रोज सकाळी शुभेच्छांचा मारा केला तर पहिल्याच आठवड्यात आपला नंबर बंद केला जातो.

विक्रीचा मार्गही एकच नसावा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने लहान पार्सलांची करमाफी काढून घेतली, तेव्हा भारतीय टपालाची तिकडची पार्सलसेवा काही आठवडे थांबली आणि ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात ज्यांचे सगळे गिऱ्हाईक अमेरिकेतले होते त्यांचा माल नेमका दिवाळीच्या तोंडावर अडकला. रेल्वेत एक मार्ग बंद पडला तर गाडी दुसऱ्या मार्गाने वळवतात, पण तो दुसरा मार्ग आधी बांधलेला असावा लागतो.

वाढ किती वेगाने?

एका मार्गावरून दिवसाला किती गाड्या जाऊ शकतात याला मर्यादा असते. तिच्यापलीकडे गाड्या घातल्या की सगळ्याच रखडतात. आपल्या मार्गाची क्षमता विणकराच्या मागावर ठरते. चार माग असतील तर महिन्याला शंभर हातमागाचे शालू निघणार नाहीत. लग्नसराईत मागण्या आल्या म्हणून हो-हो म्हणत गेलो तर शेवटी कुठूनतरी यंत्रमागाचा माल उचलून पाठवावा लागतो, आणि पिढ्यांची पत एका हंगामात जाते. त्यापेक्षा आधी मागणी घ्या, तारीख द्या, विणकराला आगाऊ रक्कम द्या आणि नाही म्हणायला शिका. जाहिरातीसाठी कर्ज काढू नका. आधीच्या महिन्याच्या नफ्यातला ठरावीक हिस्साच जाहिरातीला लावा.

अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले, त्यांना राजाश्रय दिला. तो आश्रय पुढे आटला, माग बंद पडत गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्यांनी रेहवा सोसायटी काढून स्थानिक स्त्रियांना पुन्हा मागावर बसवले, आणि आज महेश्वरी साडी देशभर मागवली जाते. हे काम घाईचे नव्हते. विणणाऱ्याच्या घरी चूल पेटती राहिली तरच विकणाऱ्याचे नाव राहते, हे महेश्वरने सिद्ध केले.

बंधुभगिनींनो, आपल्या परिसरातले किती वाडे कुलूपबंद झाले हे आपण पाहतो आहोत. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी जातात. त्यांना दोष देता येणार नाही, पोट भरायला माणूस जातोच. आपले पूर्वजही तसेच इथे आले. पण ज्या घरात दरमहा पाच-दहा हजारांची का होईना स्वतःची मिळकत सुरू होते, त्या घरातली सून आणि आजी एकमेकींच्या मदतीला उभ्या राहतात आणि त्या घराला निदान एक कारण मिळते इथे राहण्याचे. हे माझ्या लेखी नफ्या-तोट्याच्या आकड्यांहून मोठे आहे.

म्हणून समितीपुढे एक प्रस्ताव ठेवतो. उत्सव संपल्यावर दर महिन्याच्या संकष्टीला विक्री करणाऱ्या घरांनी तासभर एकत्र बसावे. पार्सल उचलण्याची एक जागा, बांधणीच्या सामानाची एकत्र खरेदी, एकच करसल्लागार आणि परत आलेल्या पार्सलांच्या वहीचे एकत्र वाचन, एवढ्या चार गोष्टींपासून सुरुवात करू. शिकलेल्या मुलांनी फोटो आणि पत्रव्यवहार सांभाळावा, आमच्यासारख्यांनी हिशेब तपासावे. परवानगीच्या कागदासह, अर्थात!



गणपती बाप्पा मोरया!